पाच टक्के

बुधवार, २३ जुलै
शनिवारचा हवामानाचा नकाशा अजिबात आवडला नाही. दक्षिण किनाऱ्यावर गरम, दमट हवा. जमिनीलगतचा वारा एका दिशेने, वरचा दुसऱ्याच – आणि जोरात! असं झालं की ढग गरगरायला लागतात. नेमका त्याच दिवशी साउथहॅम्प्टनबाहेर आपल्या मराठी लोकांचा मेळावा. मोकळं मैदान, एक मोठा तंबू, चारशे माणसं.
आमच्या हवामान अंदाजाच्या टीमचा मॅनेजर परीक्षित हसला. ‘वैभवी, धिस इज नॉट ओक्लाहोमा!’ माहीत आहे. पण टोर्नेडो फक्त अमेरिकेतच नाही, इथे इंग्लंडातही होतात. छोटे असतात, म्हणून कोणी मनावर घेत नाही.

गुरुवार, २४ जुलै
मेळावा भरवणाऱ्या लताताईंना आमच्या रीडिंगच्या ऑफिसातून फोन केला. त्यांनी ऐकून घेतलं, मग म्हणाल्या, ‘अगं, मागच्या वर्षीही तू कॅन्सल करायला लावलंस. दिवसभर कडक ऊन! लोक अजून हसतात मला.’
खरं होतं. गिळलं.
‘टोर्नेडोचा चान्स किती?’
‘पाच टक्के.’
‘म्हणजे पंचाण्णव टक्के काही होणार नाही.’
‘लताताई, तुम्ही वॉर्डातल्या सिस्टर आहात. पेशंटच्या जिवाला पाच टक्के धोका असला तर घरी पाठवता?’
पलीकडे डायरीची पानं उलटल्याचा आवाज. मग – ‘शाळेचा हॉल मिळतो का बघते.’

शुक्रवार, २५ जुलै
हॉल मिळाला. तंबूवाला भडकलाय. परीक्षित म्हणतो, चुकलीस तर तुझ्या नावावर. असू दे माझ्या नावावर!

शनिवार, २६ जुलै, संध्याकाळी
आत्ता कुठे लिहायला बसले.
दोन चाळीसला रडारवर वादळाचं टोक आकड्यासारखं वळलेलं दिसलं. म्हणजे गरगर फिरतंय! पण मैदानाकडे नाही. उत्तरेला वळलेलं – सरळ शाळेकडे. परीक्षित पाठीमागे येऊन उभा राहिला. हसला नाही. ‘मी इमर्जन्सी सर्व्हिसला कळवतो, तू त्यांना फोन लाव.’
तिसऱ्यांदा लताताईंनी उचलला. मागे पोरांचा गोंगाट, भांड्यांचा आवाज.
‘ताई, सगळ्यांना हॉलमधून बाहेर काढा. मधल्या कॉरिडॉरमध्ये, खिडक्यांपासून लांब. आत्ता!’
‘अगं, तूच ना आणलंस आम्हाला इथे?’
‘हो, मीच. आता हला तिथून!’
त्या ओरडल्या – वॉर्डात ओरडत असतील तशा. खुर्च्या सरकल्या. कोणीतरी ‘ताटं राहू द्या’ म्हणालं. मग फोन कट.
पन्नास मिनिटं काहीच कळलं नाही. मग दोन शब्दांचा मेसेज. ‘सगळे आहोत.’

रविवार, २७ जुलै
हॉलचं अर्धं छप्पर उडालं. एका आजोबांचा हात मोडला, बाकी कोणाला ओरखडाही नाही.
मैदानावर थेंबही पडला नव्हता. रिपोर्टात मी हे पहिल्या ओळीत लिहिलं, आणि लोकांना तिथून शाळेत मीच हलवायला लावलं, हेही.