वाटे करणाऱ्याने शेवटी उचलावे

मी, संयोगिता गणपतराव खाडे, वय एकाहत्तर, निवृत्त शिक्षिका, राहणार उचगाव, ता. करवीर, जि. कोल्हापूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते. डोके शाबूत आहे. कुणाचा दबाव नाही. दबावाला मी कधी बधले नाही, हे गाव सांगेल.

१. मी लग्न केले नाही. आयुष्य नागरिकशास्त्र शिकवण्यात गेले. कायदा करणारा, राबवणारा आणि न्याय देणारा एकच असेल तर कुणीच सुरक्षित नाही, असे सांगणारा फ्रेंच विचारवंत माँतेस्क्यू मी इतका शिकवला, की पोरे मलाच ‘माँतेस्क्यू बाई’ म्हणत. आपली संसद, सरकार आणि न्यायालय वेगवेगळी आहेत, त्यामागे त्याचाही विचार आहे. आमच्या घरात मात्र तो शिरला नाही.

२. वडिलांच्या पश्चात शेताचे तीन वाटे माझे बंधू विजयसिंह (दादा) यांनी केले. विहिरीचा वाटा आधी स्वतःच उचलला. थोरली बहीण आक्का तक्रार घेऊन आली, तेव्हा निवाडाही त्यांचाच: “वाटं मी केल्यात, बरोबर हायत का न्हाईत ते बी मीच सांगणार की!” जत्रेत शेजारचा केरबा मटणाचे वाटे घालतो आणि स्वतःचा शेवटी उचलतो. मटणाला पाळतो ती रीत आपण जमिनीला पाळली नाही. आक्का पुन्हा माहेरी आली नाही, सासरीच वारली. दादा, याचे मला फार दुःख आहे.

३. माझ्या पगारातून बांधलेले घर व परसू दादाची मुले ऋतुराज आणि क्रांती यांना. दोन वाटे ऋतुराजने करावेत. पहिला क्रांतीने उचलावा. वाद झाल्यास निवाडा माझी विद्यार्थिनी ॲड. निशिगंधा देईल, तिला यातले काही मिळणार नाही. भांडी ज्याला हवीत त्याने न्यावीत, पितळी घंगाळावरून भांडू नये.

४. क्रांती जिथे अभ्यासाला बसायची, ती खोली कुणाला जावी हे माझ्या मनात पक्के आहे. लिहिले आणि फाडले. वाटा मीच ठरवला, तर दादात आणि माझ्यात फरक काय?

५. हे सारे दादाला वाचायला दिले. दुसरे कलम त्याने दोनदा वाचले. मग म्हणाला, “आक्काचं लिवलंस ते खरं हाय. कुठं सही करायची, दाव.”

ठिकाण: उचगाव
दिनांक: ११ जानेवारी २०२५

लिहून देणार: संयोगिता गणपतराव खाडे (सही)

आमच्यासमक्ष सही झाली:
१. केरबा दत्तू चौगुले (सही)
२. विजयसिंह गणपतराव खाडे (सही), केरबानंतर, शेवटी