आतड्यांविरुद्ध पाच किलोमीटर

३ मार्च
आजपासून आजारपण बंद. या क्रोन्स नावाच्या आजाराला सहा वर्षं पाहुण्यासारखं सांभाळलं, तर तो माझीच आतडी खातोय. महिनाअखेर या आजाराच्या संशोधनासाठी पाच किलोमीटरचा वॉक आहे. मी चालणार. तेही सगळ्यांत पुढे, बॅनर धरून. शेवटी चार शब्द बोलेन. अजून कोणी विनंती केलेली नाही. करतील.

६ मार्च
सराव सुरू. कोपऱ्यावरच्या पेट्रोल पंपापर्यंत गेलो. तिथलं टॉयलेट स्वच्छ आहे. घाई नव्हती, नुसती पाहणी. दोनदा.

९ मार्च
अकराव्या मजल्यावर लिफ्ट दुरुस्त करत होतो, पोटात कळ आली. लिफ्ट मीच बंद केलेली. जिन्याने धावत तळमजला गाठला. साहेब म्हणाले, काम अर्धवट टाकून पळालास? पण पळता आलं, हे कोणी बघत नाही.

१३ मार्च
मेहुणा आला होता. म्हणे, भावोजी, हे सगळं टेन्शनमुळे. मी समजावलं, अरे, शरीराचे पहारेकरी घरच्यांनाच चोर समजून बडवतात. म्हणाला, मग पहारेकरी बदला की! त्यासाठीच संशोधन चाललंय, शहाण्या. हे मनात म्हटलं.

१७ मार्च
तब्येत झकास. मग गोळ्या कशाला? बंद. डॉक्टरीणबाईंना सांगत नाही, उगाच काळजी करतील. बायकोलाही नाही. ती काळजी करत नाही, चिडते.

२२ मार्च
जरा ताप. हवा बदलली असेल.

२४ मार्च
वजन उतरलं. सरावाचा परिणाम.
दुपारी रक्त पडलं. बीट खाल्लं असणार. बीट खाल्लं नव्हतं.

२५ मार्च
बायकोने विचारलं, गोळ्या घेताय ना? म्हटलं, तत्त्वतः हो. तिने टॅक्सी बोलावली.

३० मार्च, वॉर्ड
आज वॉक. मी सलाईनला बांधलेला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बरं वाटत होतं ते गोळ्यांमुळेच. यावर माझं उत्तर तयार होतं, पण बेडपॅन आलं.
बॅनर बायकोने धरला. बोलायलाही तिलाच उभं केलं. संध्याकाळी आली तेव्हा विचारलं, काय बोललीस? म्हणाली, एवढंच, की माझा माणूस घाबरला की शूर होतो, तेव्हा औषध जरा लवकर शोधा. लोकांनी खूप टाळ्या वाजवल्या म्हणे. मी भिंतीकडे तोंड करून पडलो. ती पाय चेपत बसली.

३१ मार्च
संशोधन विभागातली नर्स आली. उठून बसलो, केस सारखे केले. तिने प्लास्टिकची डबी पुढे केली. म्हणाली, आजार उसळलेला असतानाचा शौचाचा नमुना सहसा मिळत नाही, तुमचा फार उपयोगी पडेल. म्हटलं, देतो, पण वर माझं नाव ठळक लिहा. म्हणाली, काका, नाव घालत नाहीत, नुसता नंबर.
चमचाभर पुरे म्हणाली होती. काठोकाठ भरून दिली.