दहाव्या माणसासाठी रॉयल जेली

७ सप्टेंबर १९९७, रविवार. अष्टमी गाव, रोहा.
मुंबईच्या ज्यू समाजाच्या मंडळींचं पत्र आलं. पेणच्या सिनेगॉगात दोन वर्षं दहा पुरुष जमलेले नाहीत, तेव्हा आमचा सेफेर, तोरा या धर्मग्रंथाची ती जुनी गुंडाळी, मुंबईला हलवावा म्हणतात. यंदा आमच्या नव्या वर्षाला, म्हणजे २ ऑक्टोबरला, दहा भरले तर राहू देतील. नऊ असले तर सेफेर उघडायचाच नाही, हा नियम मला शिकवतात. मला, सिनेगॉगच्या सेक्रेटरीला.

मोजणी केली. पेणचे चार, मला धरून रोह्याचे पाच. नऊ. बाकीचे इस्रायलला. दहावे एलियाहमामा, माझ्या बायकोचे, साराचे, सख्खे मामा, वय चौऱ्याऐंशी. वर्षभर पेणच्या घराचा उंबरा ओलांडलेला नाही. डॉक्टर म्हणतात पाय ठीक आहेत, माणूसच उठत नाही.

ठरलं. मामांना मी उठवणार. सेफेर पेणलाच राहणार.

८ सप्टेंबर, सोमवार.
मधपाळांच्या शिबिरात मिळालेलं पुस्तक पुन्हा काढलं. एकाच अंड्यातून कामकरी माशी होते आणि राणीसुद्धा. फरक फक्त खाण्याचा. जिला शेवटपर्यंत रॉयल जेली मिळते ती राणी. कामकरी दोन महिन्यांत खलास, राणी दोन-तीन वर्षं सहज. आणखी काय पुरावा हवा?

घटकही लिहून ठेवतो: पाणी शंभरात पासष्ट ते सत्तर, प्रथिनं बारा, साखर तेवढीच, चरबी पाच, बी गटातली जीवनसत्त्वं, आणि एक खास आम्ल, जे जगात दुसऱ्या कशात सापडत नाही म्हणतात.

साराला वाचून दाखवलं. म्हणाली, सत्तर पाणीच असेल तर मामांना पेणच्या विहिरीचं पाजा, बस-भाडं वाचेल. मी म्हटलं, उरलेल्या तिसात सगळं आहे. ती म्हणाली, तुमच्यातही असंच काही असेल या आशेवर मी चाळीस वर्षं काढली.

शास्त्र घरात कुणाला कळत नाही.

१८ सप्टेंबर, गुरुवार. सकाळी ९.
माझ्या मधपेटीतली राणी काढली. राणी गेली की माश्या घाबरून नवी राणी करायला घेतात, जेली भरभरून ओततात. तीच उचलायची. शेजारचा काळुराम कुंपणावरून बघत होता. म्हणाला, सायमनदादा, राणी काढलीस तर पेटीत काय रवणार नाय, आधीच पावसाळ्यात माश्या अर्धपोटी हायत. मी त्याला घटक सांगितले. तो म्हणाला, व्हय, पण माश्यांनी तुझं पुस्तक वाचलंय का?

राणी काडेपेटीत ठेवली आहे. हवेला भोकं पाडली आहेत. काम झालं की परत सोडीन.

२२ सप्टेंबर, सोमवार.
राणीची चार घरं बांधली होती. काडीने कोरून सगळी जेली काढली. पांढरी, आंबट, साबुदाण्याच्या खिरीसारखी. इंजेक्शनच्या रिकाम्या बाटलीत भरली. चण्याच्या दाण्याएवढी झाली. पण शक्ती वजनावर नसते.

राणी काडेपेटीत हलत नाही. विश्रांती घेत असावी.

२४ सप्टेंबर, बुधवार.
पेटी रिकामी. माश्या हवापालट करायला गेल्या असाव्यात. काळुराम नुसता हसला, ते जास्त लागलं.

२८ सप्टेंबर, रविवार. पेण.
जेली बर्फात घालून मामांकडे आलो. त्यांची सून नाओमी हिने चहा दिला, चमचा दिला. मामा तोंड उघडणारच होते. पण मला वाटलं, माणसाने काय खातो ते जाणून खावं. म्हणून सगळं समजावलं. कामकरी माशीच्या डोक्यात ग्रंथी असतात, त्यांतून ही पाझरते, वगैरे.

मामांनी तोंड मिटलं. म्हणाले, मध फुलांचा असतो, माशी नुसती भरून आणते, म्हणून तो आपल्याला चालतो. ही तर माशीच्या डोक्यातली लाळ. माशी कोशेर नाही, खायला धर्माला चालत नाही, मग लाळ कशी चालेल? चौऱ्याऐंशी वर्षं कोळंबीला हात लावला नाही, धरमतरच्या कोळणी रोज समोर मांडायच्या, आणि आता तुझ्या माशीची लाळ चाटू होय रे, सायमन?

औषधाला चालतं, असं मी सांगितलं. म्हणाले, मग आजाऱ्याला दे, मी नुसता म्हातारा आहे.

समजावलं नसतं तर? तो विचार करायचा नाही. ज्ञान लपवणं माझ्या स्वभावात नाही.

१ ऑक्टोबर, बुधवार. दुपारी २.
मागे हटणार नाही. मी स्वतः त्यांच्यासमोर खाणार. अडुसष्टाव्या वर्षी माझ्यात आलेली ताकद पाहतील तर उद्या चालत येतील. काल जिभेच्या टोकाने चाखून पाहिली. ओठांना मुंग्या आल्या, घशाला खाज. ताकद आत शिरायला लागली असणार. सारा म्हणाली, फेकून द्या. फेकीन का मी?

तिच्यासह सव्वातीनच्या एसटीने पेणला निघतो. संध्याकाळपासून सण लागतो, त्याच्या आत बाटली संपवायची.

५ ऑक्टोबर, रविवार.
सण दोन दिवस, वर शनिवारचा शब्बाथ, विश्रांतीचा दिवस. तीन दिवस लेखणीला हात लावायचा नव्हता. लावताही आला नसता, बोटं केळ्यांसारखी झाली होती.

बुधवारी मामांसमोर बाटली चाटूनपुसून संपवली. दहा मिनिटांत डोळे मिटले, ओठ वडापावाएवढे झाले, श्वास शिट्टीसारखा. सरकारी दवाखान्यात दोन इंजेक्शनं, मग सलाईन. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आजोबा, हे काय खाल्लंत? मी घटक सांगायला लागलो, पण जीभ तोंडात मावत नव्हती. दोन दिवस हलू दिलं नाही.

आता मुख्य गोष्ट. गुरुवारी सकाळी नाओमीने मामांना सांगितलं, सायमनकाका आडवे पडलेत, आता आठच जण राहिले. मामा म्हणाले, त्या गाढवाची जागा कुणीतरी भरायला हवी, माझी टोपी आण. उठले. काठी घेऊन सिनेगॉगपर्यंत चालत गेले, वाटेत एकदाच बसले. म्हणजे जेलीचा गुण आलाच. माझं म्हणणं खरं ठरलं.

दुपारपर्यंत नऊजण बंद सेफेरसमोर बसून राहिले. दुसऱ्या दिवशीही.

आज मुंबईला पोस्टकार्ड लिहायला घेतलं. लिहिलं, दहाही हयात होते आणि दहाही पेणमध्येच होते. त्यांतला एक शास्त्रीय कारणामुळे दवाखान्यात होता, तरी मनाने हजर होता. साराने वाचलं. हसली नाही. माझ्या सुजलेल्या हातावर हात ठेवून म्हणाली, नऊ लिहा.

नऊ लिहिलं.