नंतर आठवण करा

३ फेब्रुवारी, सकाळ
नात हा कॉम्प्युटर माझ्याकडे टाकून परगावी नोकरीला गेली. मी बोलते, तो लिहितो. काय लिहितो ते मला वाचता येत नाही. बरंच आहे, स्वतःच्या चहाड्या तरी वाचायला नकोत.
कोपऱ्यात सारखी चौकट येते. टिंग! नातीला फोन लावला. म्हणाली, लिनक्सचं अपडेट आहे, घाबरू नकोस आजी. डावीकडे 'आता करा', उजवीकडे 'नंतर आठवण करा'. डावं दाब.
एवढंच? उद्या निकाल लावते.

५ फेब्रुवारी
उजवं दाबलं गेलं. डाव्या-उजव्याचा माझा घोटाळाच आहे. जेवताना होत नाही. चौकट गेली, परत आली. फोन लावावाच लागला. इलाज नव्हता.

८ फेब्रुवारी
नात म्हणाली, बंद करून परत चालू कर. केलं. मग विचारते, काय बंद केलंस? म्हटलं, पंखा. किती हसली! हसतच होती, तर साहेबांनी बोलावलं.

१२ फेब्रुवारी, दुपार
उजवं बटण शब्दाला पक्कं. नंतर आठवण करीन म्हणतं आणि करतं. घरच्यांना टोमणा नाही हा. मी मजेत आहे. उद्या नक्की डावं.

१३ फेब्रुवारी
बोट दुखत होतं.

१४ फेब्रुवारी
दाबलं! पट्टी सरसर भरत चालली. आता संपणार, एवढ्यात वायर पायात अडकली आणि सगळं काळं. पायाचं काय, पाय आहे तो.
चालू केलं. टिंग! चला, फोन करायला हवा.

१७ फेब्रुवारी
नात तिथूनच कॉम्प्युटरमध्ये शिरली. बाण आपोआप हलायला लागला. मी दुसरी खुर्ची शेजारी ओढून ठेवली. म्हणाली, मागचं अपडेट अर्धवट राहिलंय, आतून कुलूप लावून बसलंय, म्हणून नवं आत जात नाही. म्हटलं, बसू दे गं बिचारं, घरात कुणी तरी बसलंय. ऐकते कसली! कुलूप काढलंच. म्हणाली, आता सगळं आपोआप होईल आजी, तुला फोनचा त्रास नको.
बाण थांबला. तरी मी जरा वेळ बघत होते.

२२ फेब्रुवारी, संध्याकाळ
टिंग नाही. कॉम्प्युटर उत्तम. मीही उत्तम. कारण नाही, म्हणून फोन केला नाही. तिचाही नाही. कामात असेल.
मघाशी उठून पंखा बंद केला, परत चालू केला.
मेला लगेच फिरायला लागला.