गोदामातला अभ्यास

३ ऑगस्ट
ठरलं. एमबीएची प्रवेश परीक्षा नोव्हेंबरच्या शेवटी, तयारी आजपासून. पण करायची कधी? नोकरीवाल्यांचं ऑफिस तरी सुटतं. मी बाबांच्या रंगाच्या दुकानात बसते – घरी जेवतानाही थिनरचीच चर्चा. सकाळी पेंटर येतात, संध्याकाळी शेड बदलून मागणारी जोडपी. उरते दुपार. आमचे सेल्समन मामा म्हणाले, "तू जा गोदामात, काउंटर मी बघतो. साहेबांनी विचारलं तर स्टॉक मोजतेय म्हणेन." आजोबांच्या वेळेपासून आहेत ते. देव त्यांचं भलं करो!

५ ऑगस्ट
आधी गणित, मग इंग्रजी. प्रायमरच्या डब्यावर बसून पाठ मोडली.

१९ ऑगस्ट
बाबांना सांगितलं. "मी कुठे शिकलो? चाललंच ना दुकान?" मग हळूच, "आणि शिकून इथेच बसणार ना?" तेव्हाच हो म्हणून टाकायचं होतं! आता रोज माझ्याकडे संशयाने बघतात.

६ सप्टेंबर
तक्ते-आलेखांची गणितं जमेनात. पुस्तकातल्या कंपन्यांशी माझं काय देणंघेणं? मग आपल्याच दुकानाची बिलं घेऊन बसले. कुठली शेड पडून राहते, गिऱ्हाईक कधी येतं, माणसं कधी नुसती बसून असतात – सगळं मांडलं. मजा आली. पहिल्यांदाच वाटलं, हे मला येतं.

७ सप्टेंबर
नको तिथे शहाणपणा केला. कालचे आलेख बाबांना दाखवले. वाटलं, हे बघून तरी जा म्हणतील. चष्मा लावून दोनदा बघितले. "अगं, मग तुला कॉलेजची गरजच काय?" आईलाही बोलावून दाखवलं. इतकं कौतुक आयुष्यात केलं नव्हतं. मला रडू येत होतं.

१८ सप्टेंबर
आता कंपन्यांना ऑर्डरीही मीच द्यायच्या. पुस्तक उघडलेलं नाही. गोदामात जाऊन रडले. मामा म्हणाले, "परीक्षा होईपर्यंत दुपार तुझी. मी आहे ना."

१ ऑक्टोबर
बाबांनी मामांना कामावरून काढलं. मी भांडायला गेले तर म्हणाले, "तूच दाखवलंस ना, दुपारी दोन माणसं लागत नाहीत."
जाताना मामा काउंटरपाशी थांबले. "काही झालं तरी अभ्यास सोडू नकोस," म्हणाले. त्यांना काही माहीत नाही. मीही सांगितलं नाही.