उतारावरचं न्यूट्रल

रोहा, गुरुवार संध्याकाळ

पेणहून मी गणपती मांडीवर घेऊन निघाले, आणि ह्यांनी पहिल्याच उतारावर गाडी न्यूट्रलला टाकली. मुलाने किती वेळा सांगितलं, "बाबा, विजेची गाडी आहे. नुसता पाय उचला, ती वेग कमी करत बॅटरी भरून घेते. न्यूट्रलला काय नाय मिळत." पण उतारावर पेट्रोल वाचवायची जुनी खोड. आज मी तेच म्हटलं, तर "मला नको शिकवूस गो," म्हणाले. नागोठण्याला बॅटरी संपत आली. तासभर मी चार्जरपाशी मूर्ती धरून बसले, बडबडत राहिले. मग हे हळूच म्हणाले, "जुन्या गाडीत उतारावर इंजिन शांत झालं की तुझं गाणं ऐकू यायचं."

न्यूट्रल त्यासाठी होतं? आज तर सबंध वाट गाडी गप्प होती, आणि मी भांडत होते.