लोनेसने बाहेर आणलेली भाकर

मी, टावोंगा न्याचिर्वा, कै. आमोन हारावा यांची धाकटी बायको, वय बहात्तर, धंदा शिवणकाम, राहणार चिवांगा, जिल्हा रुम्फी, मलावी, लिहून ठेवते की माझे गुडघे कामातून गेले असले तरी डोके जागेवर आहे आणि मला कोणी धाक घातलेला नाही. माझ्या माघारी पुढीलप्रमाणे व्हावे.

१. राहते घर मी शिवणाच्या कमाईतून बांधले. रिवाज दाखवून दीर हक्क सांगतील; त्यांना ते मिळू नये. घर माझी थोरली सवत लोनेस न्यामुंथाली हिला तहहयात, नंतर माझी मुलगी वेझी हिला.

कारण लिहिणे भाग आहे. दुसरी बायको म्हणून चर्चच्या मंडळीत मला प्रभुभोजन वर्ज्य होते. भाकर वाटायच्या वेळी मी उठून बाहेर आंब्याखाली बसत असे. मंडळीचा कारभार पाहणारे, सगळे ज्यांना 'वडील' म्हणतात ते कोंडोवे म्हणत, "नवरा सोड, मग आत ये." आमोनची दृष्टी गेलेली, त्याला कशी सोडू? मग बाकीचे नियम तरी पाळावेत म्हणून मी वेण्या सोडल्या, नाच सोडला, शुक्रवारची पेजही सोडली. जितके पाळावे तितकी भीती वाढे.

एका रविवारी लोनेस भर उपासनेतून बाहेर आली. मुठीत तिच्या वाट्याची भाकर. अर्धी मोडून म्हणाली, "घे बाई. येशूने जेवायला बोलावताना कुणाची लग्नं मोजली होती का?"

"अक्का, तुलाही काढतील."

"काढू देत. आत फार उकडतं."

आम्ही हसत हसत खाल्ली. तो घास गिळताना मला कळले, देवाच्या घरी मी लेक आहे, आणि लेकीला जेवण कमवावे लागत नाही. भीती गेली ती गेलीच. त्याच आठवड्यात भाचीच्या लग्नात मी ढोलावर अशी नाचले की चप्पल तुटली. लोनेसला खरेच काढले. पुढे आंब्याखाली आणखी बायका येऊन बसू लागल्या.

२. शिवणयंत्र वेझीला. तिने गिऱ्हाइकांना कपडे वेळेवर द्यावेत. मी कधी दिले नाहीत.

३. तांबडा कोंबडा वडील कोंडोवे यांना. तोही कोणाचे ऐकत नाही, दोघांचे जमेल. त्यांच्यावरचा माझा राग मात्र मी कोणाच्याच नावे करत नाही. तो इथेच संपला.

४. माझ्या मरणाची घंटा वाजवण्याआधी मंडळी माझ्या नावाने पश्चात्तापाचा कागद मागेल. कोणीही तो लिहून देऊ नये. आमोनला सांभाळल्याचा मला पश्चात्ताप नाही. मला घंटेवाचूनच पुरावे. हिरवा झगा घालावा, आलेल्यांना मक्याच्या पिठाची न्सिमा आणि मासे पोटभर वाढावेत.

घर मिळणार म्हणून लोनेसला साक्षीदार होता येत नाही, याचा तिला राग आला आहे. ती शेजारी शेंगा सोलत ऐकते आहे. शेवटचे कलम वाचताच तिने विचारले, "पाळक आला नाही तर प्रार्थना कोण करणार?"

"तू."

"मला लांबलचक येत नाही गं."

"मला लांबलचक नकोच आहे, अक्का."

ती शेंगा टाकून उठली, माझे डोके दोन्ही हातांत धरले आणि तिथेच एक म्हणून पाहिली. तेवढी पुरे.

सही: टावोंगा न्याचिर्वा

साक्षीदार, आमच्यासमोर वाचून सही झाली:
मासाउको म्हांगो, शिक्षक
टेम्वा न्याझिम्बा, सुईण

चिवांगा, ९ ऑगस्ट २०१२